माफी कुठल्या पानावर छापायची?

आज जरा लांबच्या मुलखात जायचंय, इंग्लंडात. तिथल्या काही वर्तमानपत्रांनी साध्या माणसांच्या घरात शिरून काय काय केलं, त्यांना जाब कुणी विचारला, आणि विचारून काय हाती लागलं, ते सांगते. मागच्या काही भागांत आपण ओटीपी आणि पिनबद्दल बोललो होतो. ही गोष्टही एका चार आकडी पिनपासूनच सुरू होते. आणि दुसरं असं, की "अगं, पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार" हे आपण सगळ्याच जणी म्हणतो. मीही म्हणते.

तिकडे पेपर दोन तऱ्हेचे. एक गंभीर, राजकारण-अर्थकारण असलं सांगणारे. दुसरे लहान आकाराचे, हातभर मथळ्यांचे, फोटोंनी भरलेले. त्यांना टॅब्लॉइड म्हणतात. सन, मिरर, डेली स्टार ही त्यातली नावं. सोपी भाषा, छोटी वाक्यं, फुटबॉल, सिनेनट-नट्यांच्या भानगडी. सोपं लिहिण्यात वाईट काहीच नाही, उलट सोपं लिहिणंच अवघड. दुखणं आहे ते दुसरीकडे.

या टॅब्लॉइडांतला सगळ्यात जुना आणि खपाचा एक होता न्यूज ऑफ द वर्ल्ड. फक्त रविवारी निघायचा. सुरू झाला १८४३ साली. अगदी शेवटच्या वर्षीही दर रविवारी त्याच्या पंचवीस लाखांहून जास्त प्रती खपत होत्या. मालक रूपर्ट मरडॉक. सन हा पेपरही त्यांचाच. नाव परकं वाटेल, पण त्यांचा माल आपल्या घरात येऊन गेलाय. टीव्हीवरचं 'स्टार' हे नाव बरीच वर्षं त्यांच्याच कंपनीचं होतं. आज ज्याला आपण एबीपी माझा म्हणतो, तो चॅनेल २०१२ पर्यंत स्टार माझा होता, आणि त्यात त्यांच्या कंपनीचा वाटा होता. त्या चॅनेलनं असलं काही केलं असं मला म्हणायचं नाही बरं का. एक मालक किती दूरवर पोचलेला असतो, तेवढंच सांगतेय.

आता तो पिन. आपण व्हॉट्सॲपवर आवाज भरून पाठवतो ना, तसंच काहीसं तिकडे साध्या फोनवर होतं. तुम्ही फोन उचलला नाही, तर समोरच्याला सांगायचं, "निरोप ठेवा." तो बोलून ठेवायचा. तुम्ही नंतर ऐकायचा. गंमत अशी, की हे निरोप दुसऱ्या कुठल्याही फोनवरूनही ऐकता यायचे. तुमचा नंबर लावायचा आणि चार आकडी पिन दाबायचा. कंपनी फोन देताना सगळ्यांना सारखाच सोपा पिन द्यायची, आणि बदलायचा कोण? आपल्यातल्या किती जणींनी एटीएमचा पिन बदललाय, ते आपलं आपल्यालाच माहीत.

बातमीदारांनी आणि त्यांनी पैसे देऊन ठेवलेल्या खाजगी गुप्तहेरांनी हे बरोबर हेरलं. कधीकधी दोघं मिळून फोन लावायचे. एकानं लाइन गुंतवून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याचा फोन थेट निरोपांच्या पेटीत जायचा. मग पिन दाबायचा आणि ऐकत बसायचं. कुणाचं कुणाशी जुळलंय, कुणाला डॉक्टरनं काय सांगितलं, कोण रडून काय म्हणालं, सगळं. त्यातून बातमी तयार. वर लिहायचं, "जवळच्या मैत्रिणीनं आम्हाला सांगितलं."

या "जवळच्या मैत्रिणी"नं जे केलं, त्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचंय. पैशाची चोरी झाली तर कळतं. इथं चोरी झालीय हेच कळत नव्हतं. घरातली गोष्ट पेपरात आली, मग फोडली कुणी? सिएना मिलर नावाची नटी आहे. तिनं पुढं चौकशीत शपथेवर सांगितलं, की आपल्याच घरच्यांना आणि मैत्रिणींना समोर बसवून तिनं आरोप केले होते, तुमच्यापैकीच कुणीतरी पैसे घेऊन बोलतंय. त्यातलं कुणीच बोललं नव्हतं. आणखी एका बाईंची गोष्ट ऐका. त्या एका प्रसिद्ध मॉडेलचा कारभार पाहायच्या. बातम्या फुटतात म्हणून संशय त्यांच्यावर आला, हिला दारूचं व्यसन असणार असं ठरवून उपचाराला पाठवलं, आणि शेवटी काम गेलं ते गेलंच. ऐकत होता भलताच कुणीतरी, आणि घर फुटलं हिचं.

हे उघडकीला आलं राजघराण्यामुळे. २००५ च्या नोव्हेंबरात न्यूज ऑफ द वर्ल्डमध्ये राजपुत्र विल्यमच्या गुडघ्याच्या दुखण्याची एक बारीकशी बातमी आली. ती मोजक्याच माणसांना ठाऊक होती. राजवाड्यातल्या लोकांच्या हेही लक्षात आलं, की आपण अजून न ऐकलेले निरोप फोनवर 'ऐकलेले' म्हणून दिसतायत. पोलिसांत तक्रार गेली. २००७ च्या जानेवारीत एक बातमीदार आणि एक खाजगी गुप्तहेर तुरुंगात गेले. कंपनीनं सांगितलं, एकच माणूस बिघडलेला होता, बाकी सगळं स्वच्छ आहे. त्या वेळचे संपादक अँडी कुलसन यांनी "मला काही ठाऊक नव्हतं" म्हणत राजीनामा दिला. काही महिन्यांतच ते डेव्हिड कॅमेरन यांचे प्रसिद्धीप्रमुख झाले, आणि कॅमेरन पंतप्रधान झाल्यावर त्यांच्याबरोबर सरकारी कचेरीतच जाऊन बसले.

त्या गुप्तहेराच्या घरातून पोलिसांना सुमारे ११,००० पानं टिपणं मिळाली होती. त्यात हजारो लोकांची नावं, नंबर, पिन. ती पोलिसांनी पुरती वाचलीच नाहीत. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून ठेवून दिली. ज्यांची नावं त्यात होती, त्यांतल्या बहुतेकांना कळवलंसुद्धा नाही. २००९ मध्ये गार्डियन पेपरचे निक डेव्हिस यांनी बातमी दिली, की हे एका माणसाचं काम नव्हे, कंपनीनं गुपचूप पैसे देऊन प्रकरणं मिटवली आहेत. पोलिसांच्या एका बड्या अधिकाऱ्यानं त्याच दिवशी सांगून टाकलं, नव्यानं तपास करण्यासारखं काही नाही.

आणि मग मिलीची गोष्ट बाहेर आली.

मिली डाउलर. तेरा वर्षांची पोर. २००२ च्या मार्चमध्ये शाळेतून घरी येताना दिसेनाशी झाली. आई रोज तिच्या फोनवर फोन लावायची. निरोपांची पेटी भरून गेलेली, त्यामुळे फोन लागला तरी निरोप ठेवता येईना. एक दिवस आईनं फोन लावला आणि मिलीचा आवाज ऐकू आला, निरोप ठेवा म्हणणारा, भरून ठेवलेला. म्हणजे पेटीत जागा झाली होती. आईला वाटलं, पोरीनं निरोप ऐकले, पोर जिवंत आहे. मिली तेव्हा जिवंत नव्हती. सप्टेंबरात तिचा देह सापडला.

नऊ वर्षांनी, २०११ च्या ४ जुलैला, गार्डियननं छापलं, की न्यूज ऑफ द वर्ल्डनं या हरवलेल्या पोरीचा फोन चोरून ऐकला होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतो ना आपण, ते हेच. नट-नट्यांचं ऐकून लोक खांदे उडवत होते, "ते मोठे लोक, त्यांचं काय." या बातमीनं मात्र देश पेटला. जाहिराती देणाऱ्या कंपन्या एकेक करून मागे सरल्या. सहा दिवसांत, १० जुलैला, १६८ वर्षांच्या त्या पेपरचा शेवटचा अंक निघाला. मरडॉक स्वतः मिलीच्या आई-वडिलांना भेटून माफी मागून आले. लंडनचे पोलीसप्रमुख गेले, तो "तपासण्यासारखं काही नाही" म्हणणारा अधिकारीही गेला. पुढं असंही बाहेर आलं, की मिलीचे निरोप पेपरनं ऐकलेत हे तिथल्या स्थानिक पोलिसांना २००२ मध्येच कळलं होतं. पेपरनंच सांगितलं होतं! नऊ वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. गार्डियनच्या पहिल्या बातमीत असं होतं, की मिलीचे निरोप पेपरवाल्यांनीच पुसले आणि म्हणून आईला खोटी आशा लागली. काही महिन्यांनी पोलिसांच्या तपासात निघालं, की फोन चोरून ऐकला हे खरं, पण आईला आशा लावणारे ते निरोप पेपरवाल्यांनी पुसल्याचा पुरावा नाही. ऐकून झालेले निरोप ठरावीक वेळानं आपोआप पुसले जायचे, तसंच ते झालं असावं. गार्डियननं ते छापलं आणि आधीच्या बातमीला दुरुस्ती जोडली. सगळ्यात गाजलेल्या बातमीतला सगळ्यात बोचणारा तपशील होता तो. तरी छापली दुरुस्ती. पेपर बरा की वाईट हे मी तरी यावरून ठरवते. चुका सगळ्यांच्याच होतात, पुढं तो काय करतो ते बघायचं.

कॅमेरन यांना आता चौकशी नेमणं भाग होतं. न्यायमूर्ती लेव्हसन यांना नेमलं. २०११ च्या नोव्हेंबरपासून लंडनच्या न्यायालयात साक्षी सुरू झाल्या आणि त्या सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिल्या. तीनशेहून जास्त माणसं बोलली. पंतप्रधान बसले, संपादक बसले, मरडॉक बसले. पण पहिल्या दिवसांत बसली ती ज्यांचं घर पोळलं होतं ती माणसं. मिलीची आई बसली. तेव्हा कळलं, की फोन हा एक भाग झाला, फोनशिवायही पुष्कळ घडलंय.

ब्रिस्टल गावचे एक निवृत्त शिक्षक. इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या घरात भाड्यानं राहणारी एक तरुण मुलगी २०१० च्या डिसेंबरात बेपत्ता झाली, आणि नाताळच्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. पोलिसांनी घरमालक म्हणून या शिक्षकांना चौकशीला नेलं, दोन-तीन दिवसांनी सोडलं. एवढ्यात पेपरांनी त्यांचा निकाल लावून टाकला. एकटाच राहतो, लग्न केलं नाही, केस विचित्र, कविता वाचतो, जुने विद्यार्थी म्हणतात तऱ्हेवाईक होता. गावात एकट्या राहणाऱ्या बाईबद्दल पारावर जे बोलतात ना, अगदी तसंच. फरक इतकाच, की ते लाखो प्रतींत छापलं गेलं. खुनी निघाला शेजारी राहणारा दुसराच माणूस. २०११ च्या जुलैत आठ पेपरांनी एकदम या शिक्षकांची अब्रुनुकसानी मान्य करून भरपाई दिली. शिवाय न्यायालयाचा अवमान केला म्हणून मिररला ५०,००० पौंड आणि सनला १८,००० पौंड दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपन्यांना हा दंड म्हणजे काय? आपल्याला गटाच्या बैठकीला उशिरा आल्याबद्दल दहा रुपये होतात, तेवढा तरी लागला असेल का?

दुसरी एक आई, केट मॅकॅन. २००७ च्या मे महिन्यात पोर्तुगालला कुटुंब सुट्टीला गेलं आणि जवळजवळ चार वर्षांची मॅडेलिन खोलीतून नाहीशी झाली. ती आजवर सापडलेली नाही. आई-वडील दोघं डॉक्टर. काही महिन्यांतच काही पेपरांनी लिहायला सुरुवात केली, की यांनीच काही केलं असेल. एकदा नाही, शंभरावर बातम्या. शेवटी त्यांनी दावा लावला. २००८ च्या मार्चमध्ये डेली एक्सप्रेस आणि डेली स्टार या दोन पेपरांनी पहिल्या पानावर माफी छापली आणि ५,५०,००० पौंड, म्हणजे तेव्हाचे चार कोटी रुपयांच्या वर, मुलीच्या शोधासाठी दिले. पहिल्या पानावर माफी! तिकडचे जुने वाचकही चकित झाले, इतकं ते दुर्मिळ. एरवी आरोप पहिल्या पानावर बोटभर जाडीच्या अक्षरात, आणि माफी आत कुठंतरी, घड्याळाच्या जाहिरातीखाली.

पण केटची गोष्ट तिथं संपत नाही. मुलगी हरवल्यावर ती डायरी लिहायची. बरचसं त्या मुलीलाच उद्देशून. नवऱ्यालाही न दाखवलेली. त्याच वर्षी, २००८ च्या सप्टेंबरात, एका रविवारी ती डायरी न्यूज ऑफ द वर्ल्डमध्ये छापून आली. तिला न विचारता. लेव्हसनपुढं तिनं सांगितलं, की अंगावर हात टाकल्यासारखं वाटलं. तुमच्यापैकी ज्या जणी लिहितात, रात्री सगळे झोपल्यावर वहीत दोन ओळी, त्यांना हे अधिक समजावून सांगायची गरज नाही.

मग प्रश्न येतो, इतकी वर्षं यांना विचारणारं कुणीच नव्हतं का? होतं की. १९५३ पासून तिथं प्रेस कौन्सिल होती, १९९१ मध्ये तिच्या जागी तक्रार आयोग आला. पण त्याचा खर्च कोण करणार? पेपरवाले. त्यात बसणार कोण? बाहेरची काही माणसं आणि चालू पेपरांचे संपादक. आता हे आपल्या भाषेत सांगायचं तर, गटाचा हिशोब जिनं लिहिला तिलाच ऑडिटला बसवायचं. बँकेचा माणूस हे चालू देईल का? आपण तरी चालू देऊ का? या आयोगाला दंड करता येत नव्हता. आपल्याकडची प्रेस परिषद १९६६ ची. तिलाही दंड करता येत नाही, ठपका ठेवता येतो. २००९ मध्ये गार्डियननं फोनचं प्रकरण मांडलं, तेव्हा या आयोगानं पेपरच्या कंपनीवर विश्वास ठेवला आणि वर गार्डियनलाच चार शब्द सुनावले. मिलीची बातमी आल्यावर तो अहवाल मागं घ्यावा लागला.

कोर्टात जायचं म्हणाल, तर अब्रुनुकसानीच्या दाव्याला तिकडे सरकारी वकिलाची मदत मिळत नाही. स्वतःच्या खिशातून. किंवा जिंकलो तरच फी घेणारा वकील गाठायचा.

लेव्हसन यांनी २०१२ च्या २९ नोव्हेंबरला सुमारे दोन हजार पानांचा अहवाल दिला. त्यातला गाभा साधा आहे. पेपरांवर सरकारचा ताबा नको. पण तक्रार ऐकणाऱ्या मंडळावर एकही चालू संपादक नको. त्याला दंड करता आला पाहिजे. माफी कुठं आणि केवढी छापायची, ते त्या मंडळानं ठरवावं, पेपरनं नाही. गरीब माणसाला कोर्टाबाहेर स्वस्तात न्याय मिळावा. आणि हे मंडळ खरंच स्वतंत्र आहे ना, हे दुसऱ्या कुणीतरी ठरावीक वर्षांनी तपासावं. म्हणजे ऑडिटरचंही ऑडिट.

यावर रण माजलं. पेपरवाले म्हणाले, आज मंडळ, उद्या सरकार आमच्या मानगुटीवर. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. तिकडे १६९५ साली छापण्यासाठी परवाना घ्यायची सक्ती संपली, तेव्हापासून पेपर मोकळे आहेत, आणि हे सगळं पाप उघडं केलं तेही एका पेपरनंच. पोलिसांनी नाही, संसदेनं नाही. सरकारच्या हाती लगाम असता तर ज्या पंतप्रधानाच्या कचेरीत कुलसन बसले होते, त्यानं ती बातमी येऊ दिली असती का? पण दुसऱ्या बाजूचंही ऐका. छळ झालेल्या माणसांच्या बाजूनं 'हॅक्ड ऑफ' नावाची चळवळ उभी राहिली. नट ह्यू ग्रँट तिचा बोलका चेहरा. तिचं म्हणणं, आम्हाला सरकारी लगाम नकोच आहे, आम्हाला एवढंच हवंय की चोरानं स्वतःचा पंच स्वतः नेमू नये.

२०१३ मध्ये राजसनद निघाली, सोबत एक कायदा केला. पुढं तपासणारी समितीही झाली. जो पेपर मान्यता असलेल्या मंडळात येणार नाही, त्याला दावा जिंकला तरी दोन्ही बाजूंचा कोर्टखर्च सोसावा लागू शकेल. म्हणजे पेपर आपणहून आत येतील. हा कायदा पुस्तकात छापला गेला, पण लागूच केला नाही. पडून राहिला. बड्या पेपरांनी २०१४ मध्ये आपलं स्वतःचं वेगळं मंडळ काढलं, त्याचं नाव इप्सो. त्यानं मान्यता मागितलीच नाही. मान्यता घेणारं इम्प्रेस नावाचं मंडळ २०१६ मध्ये आलं, पण त्यात बडा म्हणावा असा एकही पेपर गेला नाही. गार्डियननंही दोन्हींपासून लांब राहून घरचीच व्यवस्था ठेवली, हे मला फारसं पटलेलं नाही. शेवटी २०२४ मध्ये तो न वापरलेला कायदाच रद्द झाला.

इप्सोला दहा लाख पौंडांपर्यंत दंड करता येतो. पहिल्या दहा वर्षांत एकदाही केला नाही. माफीच्या पानाबद्दल मात्र थोडा फरक पडला. २०१६ च्या मार्चमध्ये सननं पहिल्या पानावर छापलं, की ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडावं या बाजूनं खुद्द राणी आहे. तिकडे यावर जूनमध्ये मतदान व्हायचं होतं. राजवाड्यानं तक्रार केली. मे महिन्यात इप्सोनं मथळा चुकीचा ठरवला. निकाल दुसऱ्या पानावर छापायला लावला आणि पहिल्या पानावर त्याची सूचना द्यायला लावली. राणीची तक्रार होती म्हणून इतकं तरी झालं, असं म्हणावंसं वाटतं. संपादकांनी त्यानंतरही आपलं चुकलं असं मानलं नाही.

लेव्हसन यांच्या चौकशीचा दुसरा भागही व्हायचा होता. पेपरांच्या आत नेमकं कुणी काय केलं, पोलिसांशी त्यांचं साटंलोटं काय होतं, ते त्यात निघणार होतं. खटले चालू असल्यानं तो मागं ठेवला होता. २०१४ मध्ये कुलसन यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मिलीच्या वेळच्या संपादक रिबेका ब्रुक्स यांना कोर्टानं सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. खटले संपले, आता चौकशी होईल म्हणून लोक वाट बघत होते. २०१८ च्या १ मार्चला सरकारनं सांगून टाकलं, आता काळ बदललाय, दुसरा भाग होणार नाही.

म्हणून माणसं पुन्हा कोर्टाकडेच वळली. राजपुत्र हॅरीनं मिररच्या कंपनीवर दावा लावला. २०२३ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी सांगितलं, की त्या पेपरांत फोन चोरून ऐकणं सर्रास चालत होतं, आणि लेव्हसनपुढं साक्षी चालू होत्या तेव्हासुद्धा काही प्रमाणात चालू होतं! २०२५ च्या जानेवारीत मरडॉक यांच्या कंपनीनं त्याच्याशी तडजोड केली आणि सनसाठी काम करणाऱ्या खाजगी गुप्तहेरांनी बेकायदा कामं केली हे पहिल्यांदा कबूल केलं. राजपुत्राला परवडतं. ब्रिस्टलच्या मास्तरांनी दर वेळी कुठून आणायचं?

आता मला तुम्हाला थोडं मागं न्यायचंय, १९८९ मध्ये. कारण सगळ्यात चिवट जाब ज्यांनी विचारला, त्यांनी आयोगाचीही वाट पाहिली नव्हती आणि कायद्याचीही.

लिव्हरपूल हे बंदराचं, कामगारांचं शहर. फुटबॉलवेडं. १५ एप्रिल १९८९ ला त्यांच्या संघाचा सामना शेफील्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर होता. पोलिसांनी गर्दी नीट हाताळली नाही, एक मोठं फाटक उघडलं आणि माणसांचा लोंढा आधीच भरलेल्या, जाळीनं बंद केलेल्या कठड्यात घुसला. माणसं उभ्या उभ्या चिरडली. सगळ्यात लहान दहा वर्षांचा होता. एकूण ९७ जण गेले. त्यातला शेवटचा, मेंदूला इजा होऊन पडलेला, बत्तीस वर्षांनी २०२१ मध्ये गेला.

चौथ्या दिवशी सनच्या पहिल्या पानावर मथळा होता, "सत्य". त्याखाली छापलं होतं, की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली, जीव वाचवणाऱ्या पोलिसाला मारलं. ही माहिती आली होती काही पोलिसांकडून आणि एका खासदाराकडून, एका वृत्तसंस्थेमार्फत. ज्यांची चूक होती तेच साक्षीदार. संपादकानं खातरजमा न करता "सत्य" हा शब्द घातला. तिकडे आई-बाप अजून मुलांची प्रेतं ताब्यात घेत होते. मेलेल्यांच्या रक्तात दारू होती का हेही तपासलं गेलं होतं, लहान मुलांच्यासुद्धा.

लिव्हरपूलनं काय केलं? पेपर घेणं बंद केलं. कुठल्या पुढाऱ्याची हाक नव्हती. लोकांनी भर रस्त्यात अंक जाळले. दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले, काहींनी गल्ल्याखाली ठेवून दिले. टॅक्स्यांवर, दुकानांच्या काचांवर स्टिकर लागले. आणि ते एका आठवड्यात ओसरलं नाही.

दुसरीकडे घरच्यांची लढाई चालू राहिली. त्यात आया होत्या, बहिणी होत्या. अ‍ॅन विल्यम्स यांचा पंधरा वर्षांचा केव्हिन गेला होता. पहिल्या चौकशीनं ठरवलं होतं, की दुपारी सव्वातीननंतर वाचण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून त्यानंतरचं काही बघायचंच नाही. अ‍ॅन यांनी एकेक साक्षीदार स्वतः शोधून काढला आणि केव्हिन त्यानंतरही जिवंत होता हे सांगत राहिल्या. अर्जावर अर्ज. नाकारला की पुन्हा. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं कागद उघडले, तेव्हा निघालं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. जुने निकाल रद्द झाले. अ‍ॅन २०१३ मध्ये कर्करोगानं गेल्या. २०१६ च्या २६ एप्रिलला नव्या ज्युरीनं सांगितलं, या माणसांचे बळी बेकायदेशीरपणे गेले आणि प्रेक्षकांचा त्यात काहीही दोष नव्हता.

सननं २००४ मध्ये एकदा पानभर माफी छापली होती. लिव्हरपूलनं ती घेतली नाही. २०१२ च्या सप्टेंबरात, समितीचा अहवाल आल्यावर, पहिल्या पानावर माफी आली. त्याच पानावर यायला तेवीस वर्षं लागली. आणि २०१६ च्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, बहुतेक पेपरांनी तो पहिल्या पानावर घेतला, तेव्हा सनच्या पहिल्या पानावर तो नव्हता.

२०१७ मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टन या शहरातल्या दोन्ही संघांनी सनच्या बातमीदारांना आपल्या मैदानावर यायला बंदी केली. एरवी हे दोन संघ एकमेकांचे हाडवैरी. शहरात आजही कितीतरी दुकानं अशी आहेत, जिथं सकाळी बाकी सगळे पेपर ओळीनं मांडलेले असतात आणि सन नसतो. त्यातल्या काही गल्ल्यांवर आज जी पोरं-पोरी बसतात, ती १९८९ साली जन्मलीही नव्हती.